देवळाचे सोळा खांब

देवळाच्या कमिटीत सहा वर्षं काढली की माणसाकडे दोनच गोष्टी उरतात, ब्लडप्रेशर आणि किस्से. ब्लडप्रेशरला रोज सकाळी गोळी घेतो. किश्शांवर गोळी नाही, ते कुणाला तरी सांगावेच लागतात.

मी सुतार. गाव खालापूर तालुक्यातलं, पोटासाठी शेलूच्या नव्या बिल्डिंगांमध्ये किचनच्या ट्रॉल्या बसवत फिरतो. आमच्या भैरोबाच्या देवळाचा लाकडी सभामंडप माझ्या पणजोबांनी आणि त्यांच्या भावांनी उभा केला. सोळा सागवानी खांब, प्रत्येकाच्या माथ्यावर कोरलेला मोर, छताला मधोमध परातीएवढं कमळ. अख्ख्या मंडपात लोखंडाचा एक खिळा नव्हता. लाकूड खाचेत बसवायचं आणि वरून लाकडाचीच खुंटी ठोकायची. पणजोबांचं कुणी नाव घेत नाही, पण पावसाळ्यात सगळं गाव त्यांच्याच छपराखाली बसायचं.

* * *

मी कमिटीत आलो त्याच वर्षी अध्यक्ष पांडुदादांनी जत्रेआधी मंडपाला ऑइलपेंट मारून घेतला. मी कामावरून आलो तर खांब पिस्ता कलरचे, पक्षी हिरवेगार, चोची लाल.

मी म्हटलं, "दादा, सागाला कुणी रंग देतं का?"

"मळकट दिसत हुतं रं. आता बघ, पोपट कसं उठून दिसतात."

"मोर हायेत ते."

दादांनी मान वर करून नीट बघितलं. म्हणाले, "मग पुढच्या सालाला निळं करू."

* * *

मग कुणीतरी पंखा दिला. देणगीचा पंखा, त्यावर देणाऱ्याचं नाव, म्हणजे तो मधोमधच पाहिजे. वायरमननं ड्रिल घेतलं आणि कमळाच्या बरोबर पोटात भोक पाडलं. खाली भुसा पडत होता, त्याला ताज्या सागाचा वास होता. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आत थांबलो असतो तर हात उचलला असता.

देवाची पूजा करणाऱ्या आमच्या सखूआत्या गुरवीण, सत्तरीच्या. भुसा झाडता झाडता म्हणाल्या, "इतकी वर्सं देवाला उकडलं नाय. कमिटी आली आन् उकडाय लागलं."

* * *

जमिनीला टाइल्स बसवल्या. त्या धुतलेलं पाणी मुरून एका खांबाचा पाय कुजला. एका. मी म्हटलं, वीतभर कापतो, नवं लाकूड जोडतो. दादांनी ओळखीतला इंजिनीअर आणला. त्यानं तोच एक खांब पेनानं टकटक वाजवला आणि सांगितलं, सगळं स्ट्रक्चर गेलंय.

"बाकीचे पंधरा बघितले का?" मी विचारलं.

"सॅम्पल चेक केलं ना."

मग मीटिंग झाली, जुनं पाडून स्लॅबचं देऊळ बांधायचं. मी उठून बोललो, तर मागून आवाज आला, "सुतार हाय, धंद्याचंच बोलनार."

मी म्हटलं, "एक पैसा घेत नाय. फुकट करतो."

पांडुदादा म्हणाले, "फुकटचं काम टिकत नाय रं."

सगळे हसले. मी बसलो. तो राग अजून उतरलेला नाही.

* * *

पाडायला जेसीबी आला. 'कुजलेला' मंडप दोन दिवस जागचा हलेना. शेवटी मलाच बोलावणं आलं, खुंट्या कुठून काढायच्या सांग, नायतर मशीननं कापतो. कापलेले बघवले नसते, म्हणून गेलो. पणजोबांनी ठोकलेल्या खुंट्या माझ्या हातानं एकेक करून बाहेर काढल्या. दिवसभर पाणीही प्यालो नाही.

लगेच दुसऱ्या दिवशी जुन्या लाकडाचा व्यापारी आला आणि खांब टेंपोत भरून घेऊन गेला.

मी दादांना म्हटलं, "कुजलेलं म्हनालात ना? मग नेलं कशाला त्यानं?"

"कुजलेलं म्हनून तर दिलं. चांगलं आसतं तर दिलं आसतं का?"

* * *

मागच्या वर्षी एका कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला. कर्जतजवळ फार्महाऊसवर जुने खांब उभे करायचेत, खुंटीचं काम जाणणारा माणूस हवाय. गेलो, तर अंगणात आमचेच खांब. मालक कौतुकानं हात फिरवत म्हणाला, "सॉलिड टीक आहे. अजून दोनशे वर्षं काही होत नाही."

मी हत्यारांची पिशवी उचलली आणि परत आलो. खांब दुसऱ्या कुणीतरी उभे केले.

सखूआत्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मला ने." नेलं बाइकवरून. मालक माणूस वाईट नव्हता, गेट उघडून स्वतः पुढे आला. रंग खरवडून खांब पॉलिश केले होते. त्या खांबांच्या व्हरांड्यात झोपाळा, टेबल, बाटल्या, कुत्रा.

आत्यांनी गेटपाशीच चपला काढल्या आणि खडीवरून अनवाणी चालायला लागल्या.

मालक म्हणाला, "आजी, चपला राहू द्या, पाय भाजतील. आमच्याकडे चालतं."

आत्या थांबल्यासुद्धा नाहीत.

"तुमच्यासाठी नाय काढल्या."