शून्य नंबरचा मान

सन २०२४. वैशाख लागून पाच दिवस झाले होते आणि मंगळवार होता. त्या दिवशी सकाळी सहा वाजता मी माझ्या हातानं गाढव झालो. चहा घ्या, सांगतो. एकदाच सांगीन. हसायचं असेल तर शेवटी हसा, मध्ये चालणार नाही.

शहापूरच्या खालच्या अंगाला, भातसा नदीच्या काठी आमच्या आठ जणांची भाजीची शेतं आहेत. पंप एकच. दर चौथ्या दिवशी प्रत्येकाला चार तास पाण्याची पाळी. पूर्वी पाळ्या वहीत लिहायचो. त्या वहीची पानं फाटायची. कोण फाडायचं ते मी सांगणार नाही. गोविंदा माझा सख्खा चुलतभाऊ आहे.

शेवटी माझ्या नातीनं, मनीषानं, पंपाच्या खोलीत एक छोटा कॉम्प्युटर बसवला. ती रोज आसनगाव स्टेशनवरून ठाण्याला कंपनीत जाते, तिथं प्रोग्राम लिहिते. इथं आठ माणसांची आठ बटणं केली. आपलं बटण दाबलं की तिचा प्रोग्राम मोटर सुरू करतो आणि निरोप धाडतो, अमक्याचं पाणी सुरू झालं.

"धाडतो कोनाला?" मी विचारलं.

"मशीनच्या सिस्टिमला, आबा. प्रोग्राम स्वतः लिहून ठेवत नाही. गावात काही घडलं तर आपण पोलीस पाटलाला सांगतो ना? आपण सांगायचं, लिहायचं पाटलानं. तसंच हे. प्रोग्राम सांगतो, सिस्टिम वेळ घालून लॉगमध्ये लिहिते. खाडाखोड नाही, पान फाडणं नाही."

हे मला पटलं. खोलीची किल्ली माझ्या कमरेला लागली. पाळीची वेळ कशी बदलायची तेही तिनं शिकवलं. बाण, आकडा, हिरवं बटण. माझी शाळा दुसरीपर्यंत, पण आकडे मला येतात. येत नसते तर बरं झालं असतं.

सोमवारी संध्याकाळी मी सहज खोली उघडून पडद्यावर नजर टाकली. आठ नावं. प्रत्येक नावापुढे एक आकडा. माझ्यापुढे सहा. जनाबाईपुढे सहा. सगळ्यांपुढे सहा. आणि गोविंदापुढे? चार!

मनीषाला फोन लावला.

"त्या नावापुढचे आकडे कसले गो?"

"निरोपाची पातळी, आबा. शून्य ते सात."

"सगल्यात वरचा कुठला?"

"शून्य. पण आबा, त्याचं असं आहे की..."

मी फोन ठेवला. मला पाहिजे ते कळलं होतं. फोनवर लांबण लावायची मला सवय नाही.

आता तुम्हीच सांगा. माणसं आठ. शून्य ते सात, आकडे आठ. कोणीही काय समजेल? गावदेवीला पहिला नारळ आमच्या घरचा. होळीला पहिली काडी आमच्या घरची. आणि मशीनमध्ये मी सहावा, गोविंदा चौथा? नात माझी, किल्ली माझी, आणि मान त्याचा?

बाण. शून्य. हिरवं बटण.

जनाबाईला पाच द्यावा असं एकदा मनात आलं होतं. पण म्हटलं, नको. लोकांना सवय लागते.

मंगळवारी सहाला माझी पाळी. मी धुतलेली टोपी घातली. बटण दाबलं. मोटर गुरगुरली, आणि त्याच क्षणी मनीषानं छपरावर बसवलेला भोंगा असा बोंबलला की समोरच्या आंब्यावरचे कावळे नदीपार गेले!

मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, शून्य नंबरची पाळी सुरू झाली, म्हणून वाजला. ठीक आहे, पद्धत असेल. मी टोपी सरळ केली.

पण मोटर बंद पडली. मी पुन्हा दाबलं. भोंगा वाजला, पाणी नाही. पुन्हा दाबलं. भोंगा. असं पाच वेळा केलं.

तेवढ्यात माणसं दिसली. पुढे गोविंदा, अंगावर फक्त टॉवेल, हातात सुका बांबू. मागे दोघे जण खाट घेऊन पळताहेत. त्यांच्या मागे आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, छाती पिटत. मी हात मागे बांधून उभा राहिलो. एवढी माणसं माझ्या पाळीला कधी आली नव्हती.

"कुठं चिकटलास रे?" गोविंदा लांबूनच ओरडला. "शॉक कुठं लागला?"

"कोनाला?"

"तुला!"

"मला कशाला लागंल? माझी पाली हाय. बसा."

गोविंदानं बांबू टाकला आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. "ह्ये बघ. आनीबानी, दामू. आनीबानी, दामू. पाच डाव मेलास तू फोनावर! एका डावात मरता येत नाय तुला?"

आमच्या म्हातारीनं रडणं थांबवलं. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. म्हणाली, "मेल्या, भाकरी करपली ना माझी!" आणि तशीच मागे फिरली.

"मशीनला काय हात लावलास?" गोविंदानं विचारलं.

"मी? मी कशाला हात लावू? तुझा व्हॉल्व्ह गलतो, त्यानंच काय झाला असंल."

हे मी सगळ्यांसमोर, ठणकावून सांगितलं. लक्षात ठेवा.

मोटर काही सुरू होईना. मनीषाचा फोन दहाला लागला. ती म्हणाली, "आणीबाणीचा निरोप आला की मोटर बंद होते. मी स्वतः येऊन बघितल्याशिवाय पुन्हा चालू होत नाही. कोणी वायरला चिकटलेला असेल आणि दुसऱ्यानं मोटर चालू केली तर काय होईल? अर्धी सुट्टी टाकून येते."

दहापासून पाळी जनाबाईची. ही मुरबाडकडची बाई. नवरा गेल्यापासून अर्धा एकर खंडानं घेऊन काकडी करते. त्या काकडीवर तिचं घर चालतं. वेल फळांनी भरलेले, गुरुवारी टेम्पो यायचा होता. ती नऊपासून फावडं घेऊन पाटाच्या तोंडाशी बसली होती. आमच्याकडे शेतीची लाइट दोनला जाते. दोन वाजले. लाइट गेली.

ती ओरडली असती तर मी उलटून ओरडलो असतो. ती ओरडली नाही.

"दादा, चार दिस झालं पानी नाय," ती म्हणाली. "आजून चार दिस येल नाय काढायचे. सुकतील."

मी नदीकडे पाहिलं. नदी भरलेली होती.

साडेचारला मनीषा आली. आठही घरांची माणसं खोलीपाशी जमली. लाइट नव्हती, पण कॉम्प्युटर बॅटरीवर होता. तिनं लॉग उघडला.

"मोठ्यानं वाच गो," गोविंदा म्हणाला. "माझ्या व्हॉल्व्हचा काय लिवलाय ता सगल्यांना ऐकू दे."

मनीषा वाचू लागली. "सोमवार, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. सेटिंग बदललं. दामू, पातळी सहा होती, शून्य केली."

सगळ्यांनी माझ्या कमरेकडे पाहिलं. किल्ली तिथंच होती.

"मंगळवार, सहा वाजून एक मिनिट. आणीबाणी, दामू. सहा वाजून दोन मिनिटं. आणीबाणी, दामू. सहा वाजून..."

"पुरे," मी म्हटलं.

"आबा, पातळी म्हणजे मान नाही हो. निरोप किती वाईट आहे त्याचा तो आकडा. सहा म्हणजे सगळं ठीक. चार म्हणजे लक्ष ठेवा. गोविंदआबांचा व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्यांना चार. शून्य म्हणजे सगळं बुडालं! तो निरोप सिस्टिम नुसता लिहीत नाही, सगळ्यांना ओरडून सांगते. हा आकडा कोणी स्वतःच्या नावापुढे घालील असं माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढा कोण..."

तिनं वाक्य तिथंच सोडलं. आमच्या घरचे संस्कार चांगले आहेत.

गोविंदाचे नाहीत. तो म्हणाला, "म्हंजे दामू हीच आनीबानी. आमाला चालीस वरसं ठाव होता. मशीनला आज समजला."

सगळे हसले. खाट उचलून आणणारे दोघे तर खाटेवर बसून हसले. जनाबाई तेवढी हसली नाही. ती आपल्या वेलांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशीची, बुधवार सकाळची पाळी गोविंदाची होती. मी तिथंच सगळ्यांदेखत त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"गोविंदा, उद्याची पाली जनाबाईला दे. शनवारची माझी तू घे."

"माग नीट."

"मागितली ना?"

"ह्यो हुकूम झाला. चालीस वरसात तू माझ्याकडं काय मागितला नाय. जरा ऐकू दे ना."

मी टोपी काढली. घाम आला होता म्हणून.

"दे रे गोविंदा," मी म्हटलं.

"घे!" तो म्हणाला, आणि मनीषाकडे वळला. "दामूनं गोविंदाकडं पाली मागितली. मशीनात लिव गो. शून्यात लिव!"

"नको!" सगळे एका आवाजात ओरडले. त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

बुधवारी जनाबाईची काकडी भिजली. गुरुवारी टेम्पो भरून गेला. माझ्या भेंडीच्या मात्र लागोपाठ दोन पाळ्या बुडाल्या. म्हातारीनं आठवडाभर मला भेंडीची भाजी वाढली, आणि प्रत्येक वेळी म्हणाली, जून आहे, चावून खा.

शनिवारी सहाला मी खोली उघडली. गोविंदाचं बटण स्वतः दाबलं. चार तास पाणी त्याच्या वांग्यांना गेलं. दहाला त्यानं बांधावरून हात वर केला. मी मोटर बंद केली. पाळी फिटली.