सतरा नंबरच्या बॉक्सखाली

“आता लॅच उघडतो,” लुईस म्हणाला.

“थांबा,” मी म्हणाले. “हलू नका. बॉक्सच्या खाली, डावीकडे बघा. ती केबल नाही.”

स्क्रीनवरचं चित्र हळूच खाली झुकलं. लुईसच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात मातकट रंगाचं एक वेटोळं दिसलं. त्याच्या बुटापासून हातभर अंतरावर. वेटोळ्याचं एक टोक इतकं जोरात थरथरत होतं की व्हिडिओत ते पुसट दिसत होतं. आवाज मात्र कसलाच नव्हता.

लुईस ॲरिझोनाच्या वाळवंटात होता, तिथे सकाळचे आठ वाजले होते. मी नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी होते, संध्याकाळचे पाच वाजले होते. लुईस अगदी सावकाश एक पाऊल मागे आला. मग दुसरं, मग तिसरं. पाच-सहा पावलांवर थांबून त्याने कानांवरचा हेडसेट गळ्यात ओढला आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाला. ते मी इथे लिहीत नाही, त्याचा अर्थ मला नंतर कळला.

“मिस हॉलंड,” तो म्हणाला, “हा केव्हापासून वाजतोय. मला ऐकूच आलं नाही.”

 त्याच्या कानात हेडसेट घालायला मीच सांगितलं होतं.

थोडं मागून सांगते. मी कापेल आन डेन आयसेल या गावातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत काम करते. सोलर प्लांट नीट चालतात की नाही हे आम्ही तपासतो. पॅनेलच्या ओळींमधून येणाऱ्या वायर एका पेटीत एकत्र येतात, तिला कॉम्बाइनर बॉक्स म्हणतात. घरातल्या मेन बोर्डासारखंच, फक्त उघड्या रानात खांबावर बसवलेलं. दर वसंतात माझा बॉस वाउटर विमानाने जाऊन हे बॉक्स उघडून तपासायचा. कोविडमुळे जाणं बंद झालं. तेव्हा ठरलं की प्लांटवरचा टेक्निशियन लुईस बॉक्स उघडेल, त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा असेल, आणि मी घरून व्हिडिओ कॉलवर एकेक पायरी वाचून दाखवेन.

त्याची चेकलिस्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगोल्याची. वडील शाळेत शिपाई होते, घरात पदवी घेतलेली मी पहिली. सोलापूरला इंजिनिअरिंग, मग स्कॉलरशिपवर डेल्फ्टला मास्टर्स. मीटिंगमध्ये बाकीचे लोक ज्या गोष्टींवर सहज बोलतात त्यातलं निम्मं मला इथे येऊन शिकावं लागलं. पण साप हा विषय निघाला तेव्हा मात्र पहिल्यांदा वाटलं की इथे मला कोणी काही शिकवू नये. नाग, घोणस, फुरसं, सगळे मी लहानपणी पाहिलेत.

म्हणून पहिलं पान मी फार मन लावून लिहिलं. वसंतात साप थंडीतल्या बिळांमधून बाहेर येतात. सकाळी उन्हाला पडतात आणि ऊन तापलं की सावली शोधतात. आमच्या प्लांटमध्ये सावली म्हणजे पॅनेल आणि बॉक्स. घोट्याच्या वर येणारे बूट घालायचे. साप दिसला तर मारायला किंवा हुसकायला जायचं नाही, अंतर ठेवून मागे यायचं, तो आपला आपण जातो. चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी बांधायची नाही, शांत बसवून सरळ हॉस्पिटल. दोरीचं वाक्य मी ठळक केलं होतं, कारण आमच्याकडे अजून बांधतात. आणि चौथ्या ओळीत लिहिलं होतं: रॅटलस्नेक शेपटीचा खुळखुळा वाजवून इशारा देतो, तो आवाज ऐकू आला की जागच्या जागी थांबा.

वाउटरला चौथी ओळ फार आवडली होती.

“निदान बेल तरी वाजवतो,” तो म्हणाला होता. “अ‍ॅमस्टरडॅमचे सायकलवाले तेवढंही करत नाहीत.”

तिसऱ्या पानावर मीच लिहिलं होतं: वाऱ्याचा त्रास होऊ नये म्हणून टेक्निशियनने दोन्ही कानांवर बाहेरचा आवाज बंद करणारा नॉईज कॅन्सलिंग हेडसेट घालावा. पहिल्या पानावर कान उघडे ठेव म्हणाले आणि तिसऱ्या पानावर ते बंद केले. दोन पानं वेगवेगळ्या दिवशी लिहिली होती. वाउटरने वाचली, क्लायंटने वाचली, सगळ्यांनी सह्या केल्या. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

साप दहा मिनिटांनी पॅनेलखालून निघून गेला. मी त्या दिवसाचं काम थांबवलं. साप तिथे असताना लुईसने गंमत म्हणून हेडसेटचा माइक त्याच्या दिशेने धरला होता, कॉल बंद करण्यापूर्वी मी तेवढं रेकॉर्डिंग ऐकलं. काहीही नाही. कॉलच्या सॉफ्टवेअरने तो आवाज खरखर समजून साफ केला होता. म्हणजे इकडेही कोणी ऐकणारं नव्हतं. माझी नजर बॉक्सऐवजी त्याच्या खाली गेली, एवढंच.

“आणि तसाही तो दर वेळी वाजवत नाही,” लुईस म्हणाला. “इथे सगळ्यांना ठाऊक आहे.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“इतक्या छान इंग्रजीत लिहिलं होतंत. मला वाटलं, हॉलंडमध्ये काहीतरी नवीन शोधलं असेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला फोन केला. लॉकडाऊनमुळे ती दीड वर्ष भेटली नव्हती. वाउटरला काय आणि कसं सांगायचं याची भीती होती, म्हणून आधी तिला सांगितलं.

“अगं, तो वाजायची वाट कशाला बघायची?” आई म्हणाली. “सरपण काढताना मी काय करते? आधी लांबून काठी आपटते. मग जरा थांबते. मग वाकून बघते. मग हात घालते. तुला पण शिकवलं होतं की.”

शिकवलं होतं. गोवऱ्यांच्या ढिगाला काठी न आपटता हात घातला म्हणून एकदा पाठीत धपाटाही बसला होता. तरी चेकलिस्ट लिहिताना मला ती काठी आठवली नाही. काठी कुठल्याही मॅन्युअलमध्ये नव्हती, आणि मला मॅन्युअलसारखं लिहायचं होतं.

नऊ वाजता वाउटरला कॉल केला. दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. मी म्हणाले, “चूक माझी आहे.”

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं.

“हे काल का नाही सांगितलंस?”

“आधी उपाय घेऊन यावं असं वाटलं.”

“पुढच्या वेळी चूक लगेच आण, उपाय नंतर आण. आणि खाली सही माझी पण आहे. मी दोन्ही पानं वाचली होती.” मग म्हणाला, “बरं, उपाय काय?”

मी सांगितला. एक कान उघडा. कॉलमधली आवाज साफ करायची सोय बंद, वाऱ्याचा त्रास झाला तर झाला. आणि एक लांब काठी. विजेचं काम म्हणून फायबरग्लासची, टोकाला हूक असलेली. बॉक्सपाशी जाण्याआधी लांबून जमिनीवर आपटायची, थांबायचं, खाली, मागे बघायचं, मगच हात पुढे करायचा. साप असेल तर त्याला डिवचायचं नाही, तो बॉक्स नंतर.

“काठी दीड मीटरची चालेल?” वाउटरने विचारलं. तेव्हा कोविडमुळे नेदरलँड्समध्ये माणसांनी एकमेकांपासून दीड मीटर लांब राहायचा नियम होता.

“सापाला दीड पुरत नाही. दोनच्या वर पाहिजे.”

“याने किती उशीर होईल?”

“तीन दिवस.”

त्याने कॅलेंडर उघडून बघितलं. क्लायंटला त्यालाच सांगायचं होतं. मग म्हणाला, “तीन दिवस मी मागून घेतो. काठीची आयडिया कुठल्या स्टँडर्डमधली आहे?”

“माझ्या आईची आहे.”

“मग रेफरन्समध्ये तसं लिही,” तो म्हणाला. तो चेष्टा करतोय की नाही ते मला कळलं नाही, म्हणून मी लिहिलं नाही.

काम तीन दिवस उशिरा, पण पूर्ण झालं. बेचाळीसपैकी आणखी तीन बॉक्सखाली साप निघाले. त्यातला एकच वाजला. कुणालाही काही झालं नाही. काठीची युक्ती आईची हे मी लुईसला सांगितलं होतं; शेवटच्या दिवशी त्याने विचारलं, तुमच्या भाषेत आईला काय म्हणतात. मी सांगितलं. त्याने मार्करने काठीवर इंग्रजी अक्षरांत ‘आई’ लिहिलं आणि कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं. त्याचा स्क्रीनशॉट मी सांगोल्याला पाठवला. आईचं उत्तर आलं: काठी बरी आहे, पण जरा बारीक वाटते.

पुढच्या वर्षी विमानं सुरू झाली आणि वाउटर स्वतः गेला. परत आल्यावर म्हणाला, काठी अजून पिकअपमध्येच आहे, आणि ती आपटल्याशिवाय लुईसने मला एकाही बॉक्सपाशी जाऊ दिलं नाही.

आता कुणीही सुरक्षेचा कागद माझ्याकडे तपासायला पाठवला आणि त्यात “इशारा ऐकू आल्यास” असं काही दिसलं, की मी समासात एकच प्रश्न लिहून परत पाठवते: ऐकणाऱ्याच्या कानात तेव्हा काय असेल?