हळकुंडाचा आवाज

हिंगोलीतल्या एका हळदीच्या गोदामात माझ्या नोकरीचा पहिला दिवस होता. वाळलेली पोती डावीकडे आणि ओलसर उजवीकडे, एवढंच मी सांगायचं होतं. पदवी शेतीची, त्यामुळे कुणाला विचारायची लाज वाटत होती. समोर आलेल्या पहिल्याच पोत्याचा रंग बघून मी ठासून म्हणाले, "डावीकडे."

पोतं पाठीवर घेतलेला हमाल हललाच नाही. भुवयांपर्यंत पिवळा झालेला म्हातारा माणूस. त्यानं पोतं खाली ठेवलं, डावीकडच्या ढिगातलं एक हळकुंड माझ्या कानाशी आणून मोडलं. कट्ट! मग आपल्या पोत्यातलं मोडायला गेला. ते नुसतंच वाकलं.

"ह्ये तिकडं गेलं असतं तर समद्या ढिगाला बुरशी लागली असती, म्याडम," तो हळू आवाजात म्हणाला. "इचारायला काहून लाजून राहिल्या? आमी काय मायच्या पोटातून शिकून आलो व्हय?"

पुढच्या पोत्याला गोदामाचे साहेब शेजारी येऊन उभे राहिले. मी म्हणाले, "सर, मला अजून ओळखता येत नाही."

साहेबांनी एक हळकुंड उचललं, कानाशी नेऊन मोडलं आणि काही बोलण्याआधी हळूच त्या हमालाकडे विचारल्यासारखं बघितलं.

माझा जीव भांड्यात पडला.