वरचं पाणी

खालचा गाळ ठेवायचा आणि वरचं पाणी ओतून द्यायचं, हे भाऊंना मीच शिकवलं. आधीच सांगून टाकते, कारण पुढे प्राचार्यांच्या खोलीत मी वेगळंच बोलले.

भाऊ म्हणजे आमच्या भंडाऱ्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबमधले परिचर. कारध्याहून सायकलने पूल ओलांडून यायचे आणि माझ्या आधी हजर असायचे. कितीतरी वर्षं कंत्राटावर. दरवर्षी नवा कागद, दरवर्षी तीच धाकधूक. त्या वर्षी मात्र कायम करायच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं, आणि यादीवर महिनाअखेर सही व्हायची होती. मला रोज सांगत, "म्याडम, येवढा महिना निंगला का झालं."

मी तेव्हा पीएचडीच्या मागे लागले होते. मँगनीजचा एक ऑक्साइड असतो, कांद्यासारखा थरावर थर असलेला. ते थर सोडवून एकेक पापुद्रा सुटा करायचा, इतका पातळ की त्याची जाडी अणूंमध्ये मोजावी. त्याला नॅनोशीट म्हणतात. नातेवाइकांना हे सांगायला जावं तर लगेच, "मग त्याचं करायचं काय?" बॅटरीत घालतात बाई, असं म्हणून मी मोकळी व्हायची.

सोडवायचं तंत्र काही जादूचं नाही, नुसतं चिकाटीचं. आधी भुकटी आम्लात ढवळत ठेवायची, म्हणजे थरांना धरून ठेवणारे क्षार निघून जातात. रोज वरचं आम्ल ओतून द्यायचं, खालची भुकटी ठेवायची, नवं आम्ल घालायचं. शेवटी पाण्याने धुवायचं, तेही तसंच. यात भाऊंचा हात असा बसला की मी बघत राहायची. बाटली कलती करायचे आणि कणभर गाळ जाऊ द्यायचे नाहीत. तरुणपणी नाकाडोंगरीकडे त्यांनी आईबरोबर खाणीचं मँगनीज धुतलं होतं. "टोपलं पान्यात हालवाचं, म्याडम. जड असन तो माल, बाकी सारा चिखल. माह्या मायनं शिकवलं." तीन आठवडे आम्ही दोघांनी धुतलं. इतक्या शांतपणे मी आयुष्यात कोणाबरोबर काम केलेलं नाही, नवऱ्याबरोबर तर नाहीच नाही.

पुढचा टप्पा उलटा असतो. धुतलेली भुकटी दुसऱ्या एका द्रावणात दहा दिवस हलवत ठेवतात. ते थरांच्या मधे शिरतं, थर फुगतात, सुटतात. मग ते नळ्यांत भरून यंत्रात गरगर फिरवायचं. न सुटलेली ढेकळं खाली बसतात आणि सुटलेले पापुद्रे वरच्या पाण्यात राहतात. म्हणजे आता वरचं ते कामाचं, खालचं टाकाऊ. दिसायला मात्र ते वरचं पाणी बिनदुधाच्या चहासारखं. ज्याला सांगितलेलं नाही तो ते बेसिनमध्येच ओतणार.

त्या दिवशी नळ्या फिरवून मी स्टँडमध्ये लावल्या आणि घड्याळ पाहिलं. नागपूरला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर वेळ मिळाली होती, तीही महिनोन्महिने थांबून. तिचे कागद त्याच दुपारी नेऊन द्यायचे होते, आणि एसटी सुटायला दहा मिनिटं. पर्स उचलली आणि दारातूनच ओरडले, "भाऊ, नळ्यांचं नेहमीसारखं करून ठेवा हो!"

"हो म्याडम," आतून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ्या चकाचक धुऊन उपड्या घातलेल्या. शेजारी काचेच्या बशीत काळा गाळ, धूळ बसू नये म्हणून वर कागद झाकलेला. मी मुळात तापट, राग कायम नाकावर. अशी काही किंचाळले की शेजारच्या वर्गातला तास थांबला. "अहो काय केलंत हे! माती केलीत माझ्या कामाची!" भाऊ हातात फडकं घेऊन उभे होते. "म्याडम, नेहमीसारखंच तं केलं," एवढंच म्हणाले.

माझं ओरडणं प्राचार्यांच्या कानावर गेलं. पुढच्याच आठवड्यात हे काम बघायला बाहेरची समिती यायची होती आणि दाखवायला आता काही उरलं नव्हतं. दोघांनाही बोलावणं आलं.

"नळ्या ओतायला कोणी सांगितलं?" सरांनी विचारलं.

"म्याडमनंच, सर. नेहमीसारखं कराचं म्हने."

सर माझ्याकडे वळले. दारातली मी, हातातली पर्स, ते वाक्य, सगळं मला लख्ख आठवलं. आणि मी म्हटलं, "नाही सर. मी तसं काही सांगितलं नव्हतं." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या अशा.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो. एखादी गोष्ट आठवत नसली की माणूस बघतो ना, तसं. "असन सर," ते म्हणाले. "माह्यंच आयकन्यात चुकलं असन."

यादीतून नाव गेलं. महिनाअखेर त्यांचा जुना कागद संपला आणि नवा निघाला नाही. मी भुकटी पुन्हा आम्लात घातली. सव्वा महिन्यात सगळं पुन्हा झालं, या वेळी एकटीनेच धुतलं. मायक्रोस्कोपवर नवी वेळ मिळाली, पातळ पापुद्र्यांचे फोटो आले, पीएचडी झाली, मी स्टाफरूममध्ये पेढेसुद्धा वाटले.

वर्ष उलटलं तरी जीव खात होता. शेवटी एका रविवारी सकाळी कारध्याला गेले. अंगणात त्यांची बायको मासोळी साफ करत बसली होती आणि भाऊ खाटेवर. मला बघून धडपडत उठले. दुसरं काम लागलं का, मी विचारलं. उत्तर बायकोने दिलं.

"कायचं काम, बाई! वॉचमनचं आलं होतं, नाही गेले. चाबी कोठी इसरून आलो तं, म्हंतेत. घरचं कुलूप लावतेत अन् चार डाव पाहून येतेत. पुलावरून सायकल नेनं सोडलं. पोरीचा फोन आला का मले देतेत, मी उलटंसुलटं आयकीन म्हंतेत. डॉक्टर म्हने काही नाही झालं, तरी या मानसाचं आपलं एकच. माह्यं डोस्कं गेलं, म्हंतेत."

भाऊ कसंनुसं हसले. "तसंच झालं ना, म्याडम. तुमी सांगतलं काय अन् मी आयकलं काय. केवढं नुकसान केलं मी तुमचं." आणि ते माझीच माफी मागायला लागले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग सांगितलं. एका दमात. "भाऊ, तुम्ही बरोबर ऐकलं होतं. 'नेहमीसारखं' असंच मी म्हणाले होते. सरांसमोर उभी होते तेव्हाही मला ते आठवत होतं. मी खोटं बोलले."

मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ते बायकोकडे वळले. "आयकलं का वो? मले बराबर आयकू आलं होतं." मग मला म्हणाले, "म्याडम, इले आखीन एक डाव सांगा."

मी पुन्हा सांगितलं, सगळं, पहिल्यापासून. तिने बादलीत हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मंग तवा काहून नाही सांगतलं?"

भांडायच्या सुरात नाही. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"लाज वाटली," मी म्हटलं. "चारचौघांत माझी चूक निघाली असती."

तिने एकदा भाऊंकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"येवढ्यासाठी?" ती म्हणाली.