ढिगातून आलेली हाक

शिल्पा आज पहाटे गेली आणि मला पहिल्यांदा आठवला तो ढीग.

पऱ्हाट्यांचा. चितेगावच्या आमच्या प्लांटमधला.

आमचा प्लांट तसा छोटा. कापूस वेचून झाला की उरलेल्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, जाळायच्या, पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं. शिल्पा इंधनाच्या यार्डाची इंजिनिअर. मी कंट्रोल रूमला.

तिचे वडील पाचोडकडचे. जन्मभर दुसऱ्यांच्या रानात पऱ्हाट्या उपटल्या. तळहात सोलून निघायचे. आणि मालक तो सगळा माल बांधावर पेटवून द्यायचा.

"ऊन उतरलं की सोलर घरी जातं," शिल्पा म्हणायची. "मग बाबांच्या पऱ्हाट्या ड्युटीवर येतात."

बाबा वारले, त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट.

अवकाळीत भिजलेला माल आला होता. त्याचा घराएवढा ढीग लागला. थंडीत त्यातून वाफ निघायची. जवळ उभं राहिलं की अंगाला ऊब लागायची.

यार्डातल्या बायका त्याच्याच आडोशाला जेवायला बसायच्या. गयाबाई म्हणायच्या, "चुलीम्होरं बसल्यावानी वाटतंय."

त्या दुपारी मीही डबा घेऊन तिथंच होते. शिल्पा पाणी पीत होती. बाटली तशीच तोंडाशी थांबली.

"कोण बोललं?"

कुणीच बोललं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत माल उचलणारा लोडरसुद्धा बंद होता.

ती हळूच ढिगाकडं वळली.  मग म्हणाली,
"उठा. सगळ्या उठा. डबे राहू द्या."

"काय झालं वो मॅडम? कोणी नाय तिथं," गयाबाई म्हणाल्या.

"उठा म्हणते ना!"

तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. आम्ही उष्ट्या हातानं वजनकाट्यापाशी जाऊन उभ्या राहिलो.

जेवणाची सुट्टी संपली, तरी काहीच घडलं नाही.

मॅनेजरांचा फोन आला. स्पीकरवर होता. "लोडर का थांबलाय? संध्याकाळी विजेचा लोड वाढतो, तो कोण उचलणार?"

"सर, आज त्या ढिगाला हात लावायचा नाही."

"कारण?"

शिल्पा काय सांगणार होती?

बायका एकमेकींकडं बघून हसायला लागल्या होत्या.

आणि ढिगाची एक बाजू खाली बसली.

आवाज झाला नाही. नुसती बसली. जिथं आम्ही जेवत होतो, बरोबर तिथंच. आत खोलीएवढी पोकळी. काळीभोर. तळाशी लाल.

हवा लागली तशी ती भडकली. आमचे डबे, गयाबाईंची शाल, सगळं त्यात गेलं.

आम्ही नाही गेलो.

पुढं तिनंच रिपोर्ट लिहिला. ओला माल आतून कुजतो, तापतो, धुमसतो. आतल्या आत पोखरला जातो. फटींतून गॅस निघतो, त्याची शिट्टी वाजते. त्यानंतर ढीग लहान झाले, रोज आतलं तापमान बघायला लागलो, बायकांना जेवायला लांब शेड मिळाली.

एकदा चहा पिताना तिनं मला सांगितलं. फक्त मला.

"शिट्टी वाजते, मान्य. पण ती 'शिलू, ऊठ' असं कसं म्हणेल?"

शिलू तिला फक्त बाबा म्हणायचे. आमच्या प्लांटवर माझ्याशिवाय हे नाव कुणालाच माहीत नव्हतं.

नंतर तिनं हा विषय कधी काढला नाही. आजारपणातही नाही.

आज अंत्यविधीला गयाबाई आल्या होत्या. सगळं आटोपल्यावर माझा हात धरून बाजूला घेतलं.

"ताई, त्या दिशी मी खोटं बोलले. मी बी ऐकलं व्हतं. लई भ्याले, म्हून नाय म्हनले."

"काय ऐकलं?"

"म्हातारा मानूस व्हता. आधी खोकला. मंग म्हनला, शिलू, ऊठ."



बाबा बोलायच्या आधी खोकायचे. दम्याचा त्रास होता. हे शिल्पानं प्लांटवर कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या घरी जायचे, म्हणून मला माहीत.

आता प्लांटवर आलेय. ऊन उतरलंय, लोड वाढतोय. यार्डाकडची खिडकी मी लावून घेतलीय.

शिल्पा, तू ऐकलंस आणि आम्हाला उठवलंस. म्हणून मी आज हे लिहायला आहे.

तुला मनापासून आदरांजली, मैत्रिणी. जय भीम.