पाइपावरची साडेतीन बोटं

कारखान्यात सगळे तिला वहिनीच म्हणत, कारण तिचा धाकटा दीर पाइप वाकवायच्या यंत्रावर होता आणि तो तशी हाक मारायचा. वहिनीचं कामही पाइप वाकवायचंच, पण संगणकावर. खरा पाइप यंत्रात जाण्याआधी ती तो पडद्यावर वाकवून बघायची. बाहेरच्या अंगाला धातू किती पातळ होतो, आतून सुरकुत्या पडतात का, हे रंगांवरून कळायचं. दीर म्हणायचा, वहिनी बसल्या जागी लोखंड वाकवतात, घाम मात्र आम्ही गाळायचा.

एका सोमवारी दुपारी तिनं बसच्या सीटखालचा पाइप वाकवून पाहिला. वळण छान आलं, पण मागच्या सरळ भागावर पोचा पडला. तिथे तर काहीच टेकत नव्हतं. तिनं आकडे तपासले, पाइप पुसून नव्यानं काढला. पोचा तिथेच, आता अधिक खोल. शेजारच्या टेबलावरच्या संगणकावर तीच फाइल चालवली, तर पाइप स्वच्छ.

तिनं चित्र मोठं केलं. पोचा एक नव्हता. ओळीनं चार खड्डे होते, मुठीत धरल्यासारखे. करंगळीशेजारचा निम्माच होता.

लहानपणी दारात सापडून दिराचं ते बोट अर्धं गेलं होतं.

ती तडक खाली गेली. "भावजी, पाइप वळताना हात कुठे असतो तुमचा?"

तो ओशाळला. पाइपाचं शेपूट थरथरतं म्हणून तो ते धरायचा, नियमात नसताना. त्यानं जागा दाखवली. तीच होती.

"उद्यापासून तिथे हात लावायचा नाही. माझी शपथ आहे."

तिनं साहेबांच्या मागे लागून तिथे लोखंडी आधार बसवून घेतला. गुरुवारी पाइपाचा सांधा वळणात उकलला, शेपटानं असा फटका मारला की आधार मोडून पडला. दीर चार पावलं लांब उभा होता.

संध्याकाळी त्यानं विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तिनं त्याला सेव्ह केलेलं चित्र दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं हात खिशात घातला.

आता तो वहिनीच्या खोलीत येतो, चहाही घेतो, पण पडद्याकडे पाठ करून बसतो.