चार नंबरचा बेस

दुसरा बेस घ्यायचा असं तपासनिसाने ठरवलं, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. तेवढ्या काळात त्याच्या ऑफिसातल्या एकाचं लग्न ठरलं, झालं आणि मोडलंसुद्धा. बेस मात्र अजून 'बघू या'मध्येच अडकलेला. बेस म्हणजे बेस गिटार, चार जाड तारांची. बँडमध्ये ती असते एवढं लोकांना ठाऊक असतं. ती थांबली तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, पण काय ते सांगता येत नाही. असलं वाद्य हाती घेणाऱ्याने कौतुकाची फार अपेक्षा ठेवू नये. तपासनिसाला ती होती.

पोटासाठी तो लिफ्ट तपासायचा. कुठल्याही इमारतीत शिरायचं, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चढायचं, लिफ्टच्या दोरांवर टॉर्च मारायचा, बोटांनी चाचपायचं आणि अहवालात लिहायचं, 'दोर निर्जीव झाले आहेत. बदलावेत.' इमारतीचे सेक्रेटरी गयावया करायचे, अजून वर्षभर सहज जातील म्हणायचे. तो बधायचा नाही. दोर तुटल्यावर नव्हे, तुटायच्या आधी बदलायचे असतात, हे वाक्य त्याने इतक्या जिन्यांवर उभं राहून ऐकवलं होतं की घरी झोपेत विचारलं तरी त्याने तेच सांगितलं असतं.

रविवारी दुपारी मात्र तो तपासनीस नसायचा. औषधाच्या दुकानावर एक माळ्याची खोली होती, खोकल्याच्या औषधाच्या खोक्यांनी अर्धी भरलेली. उरलेल्या अर्ध्या खोलीत बँड बसायचा. ड्रम दुकानमालक औषधवाल्याचे, जागा त्याची आणि गाडीही त्याचीच, त्यामुळे मतही त्याचंच. कीबोर्डवर भूमिती शिकवणारे मास्तर. गाणारा आठवडाभर लोकांना घरं दाखवायचा आणि रविवारी त्याच गोडव्याने प्रेमगीतं म्हणायचा. आणि कोपऱ्यात, बँडेजच्या खोक्याला टेकून, तपासनीस. कंपन्यांची वार्षिक संमेलनं, कोणाची निवृत्ती, कोणाच्या लग्नाची पंचविशी, असल्या ठिकाणी हे चौघे वाजवायचे आणि लोक त्यांच्यापुढे जेवायचे.

त्याचा बेस मेहुण्याचा. मेहुण्याची हौस तीन महिन्यांत फिटली, तेव्हा त्याने तो बहिणीच्या घरी आणून टाकला. रंग जुन्या कपाटाच्या दारासारखा, वजनही साधारण तेवढंच. अकरा वर्षं तपासनीस तोच वाजवत होता.

दोन वर्षांपूर्वी औषधवाला एकदा म्हणाला होता, "तुझं काही ऐकू येत नाही रे. नुसतं गोदामात कोणी पोती हलवतंय असं वाटतं." तपासनिसाने हा शेरा वाद्यावर घेतला. माणसाला आपल्यावरचा शेरा सामानावर ढकलता आला की बरं वाटतं. त्याच रात्री नव्या बेसचा शोध सुरू झाला.

यंदा मात्र प्रकरण टोकाला आलं. एका हॉटेलने लागोपाठ सहा रविवारचं बोलावणं दिलं. पाहुणे दुपारी जेवणार आणि हे वाजवणार. औषधवाल्याने काठ्या खाली ठेवल्या आणि तपासनिसाकडे न बघता बोलला. "महिना आहे हातात. तोपर्यंत आवाजाचं काहीतरी कर. नाहीतर मास्तरांचा डावा हात आहेच."

कीबोर्डवर डाव्या हाताने बेस वाजवता येतो. म्हणजे बँडमधून बेसवाल्याला काढायचं तर बदली माणूससुद्धा शोधावा लागत नाही. मास्तरांना जरा पुढे सरकून बसायला सांगितलं की झालं. मास्तर खाली बघत राहिले. तपासनीस घरी आला तो जेवलाच नाही. आठवडाभर लिफ्टमध्ये माणसं त्याच्या बुटांकडे बघत उभी असायची. रविवारचे तीन तास तेवढे त्याला कोणीतरी नजर करून सांगायचं, आता तू. ते गेलं तर उरणार होत्या फक्त लिफ्टा.

"घेऊन टाक एकदाचा," बायको म्हणाली. "दीड पगार. त्याच्या वर एक दमडी नाही."

आता दीड पगारात काय बसतं, हे तपासनिसाला जितकं ठाऊक होतं तितकं ते वाद्यं बनवणाऱ्यांनाही नसेल. त्याच्याकडे तक्ता होता. बेसचं लाकूड, मानेचं लाकूड, वजन, तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपची जात, स्क्रू कुठल्या देशातले, सगळ्याला रकाना. मोबाइलवर एक दाढीवाला होता. तो दर गुरुवारी एक बेस मांडीवर घेऊन डोळे मिटायचा आणि म्हणायचा की यात ऊब आहे. तपासनीस 'ऊब' या रकान्यात दहापैकी सात लिहायचा. दाढीवाल्याचं आणखी एक मत होतं, की जुन्या तारांचा आवाज मुरलेला असतो, खरा दर्दी त्या बदलत नाही. हे मत तपासनिसाला मनापासून पटलं होतं, कारण त्यात काहीच करावं लागत नव्हतं. मेहुण्याने दिलेल्या तारा अकरा वर्षं जशाच्या तशा होत्या.

"दोन नंबरच्याचं लाकूड हलकं आहे," तो भाजी वाढून घेताना सांगायचा. "पण आवाज जरा कोरडा."

"तू ऐकलास?"

"नाही. वाचलं."

बायको रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत होती. माणसांच्या मतांपेक्षा नमुन्यांवर तिचा जास्त विश्वास. "वाचून मधुमेह कळत नाही," ती म्हणाली आणि वाटी पुढे सरकवली.

शेवटी तक्त्यातले तीन बेस उरले. तिन्ही वाद्यांच्या एकाच दुकानात होते. दुकान एका काकांचं. जन्मभर वाद्यं दुरुस्त करून त्यांची पाठ सारंगीसारखी वाकली होती. तपासनिसाने जुना बेस बदल्यात द्यायला त्यांच्याकडे नेऊन ठेवला. "काय येईल याचं?" त्याने विचारलं. काकांनी एक तार छेडली, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "शनिवारी या."

शनिवारी सकाळी बायकोही बरोबर निघाली. तिला वाद्यात रस नव्हता, दीड पगारात होता. तपासनीस दुकानात तक्ता उघडून उभा राहिला आणि एक नंबरच्या बेसला हात लावून त्याने डोळे मिटले.

"अहो," बायको म्हणाली. घरी ती त्याला अरेतुरे करायची. 'अहो' आलं की समजायचं, काहीतरी भोगायचंय. "तिकडे तोंड करा. भिंतीकडे."

"का?"

"आमच्याकडे नमुन्यावर नाव नसतं, नंबर असतो. नाव कळलं की भल्याभल्यांना नसलेला आजार दिसायला लागतो. काका वाजवतील, तुम्ही ऐका. नाव विचारायचं नाही, किंमत विचारायची नाही."

"अगं, त्याला असं नसतं. हातात घेऊन, वजन बघून..."

"कानाने ऐकू येतं ना?"

तपासनीस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भिंतीवर तबल्याच्या कव्हरांची किंमत लिहिलेली पाटी होती, तिच्याकडे बघत. मागे बायको आणि काका काहीतरी कुजबुजले. मग काकांनी एक ओळ वाजवली, साधी, वर जाऊन खाली येणारी. "एक," बायको म्हणाली. तीच ओळ पुन्हा. "दोन." पुन्हा. "तीन." पुन्हा. "चार."

"चार कुठून आला? तीन होते ना?"

"विचारायचं नाही म्हटलं ना."

फेरी तीन वेळा झाली, दर वेळी क्रम उलटसुलट करून. तपासनिसाने तिन्ही वेळा एकच बेस निवडला, आणि निवडताना त्याला अंगात आल्यासारखं झालं. "हा. हाच. याच्यात जीव आहे. खालचा स्वर कसा गोल येतो बघा, आणि तरी स्पष्ट. बाकीचे चांगले आहेत, पण पोरकट आहेत. याला कारागिराचा हात लागलाय. किंमत बजेटच्या वर असणार, मला ठाऊक आहे, पण ऐकल्यावर कळतंच की."

"नक्की?" बायकोने विचारलं.

"डोळे बांधून सांगतो."

"वळा."

तो वळला. काकांच्या मांडीवर कपाटाच्या दाराच्या रंगाचा बेस होता.

काका बेसची मान पुसत बसले, जणू ती फार मळली होती.

"आमच्याकडे रोज सकाळी मशीनला असा एक नमुना देतात, ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं," बायको शांतपणे म्हणाली. "मशीन भानावर आहे का, ते बघायला."

"पण हा असा वाजत नव्हता," तपासनीस म्हणाला.

"कसा वाजेल?" काका म्हणाले. "तारा मेलेल्या. मी विकायला लावायचा म्हणून नव्या चढवल्या, मानेतला स्क्रू पाव फेरा फिरवला, झालं. या तारा किती वर्षांच्या होत्या, साहेब?"

"अकरा," बायको म्हणाली. "काका, हे लिफ्टवाले आहेत. लोकांना दोर बदलायला लावतात."

"असं?" काकांनी अदबीने विचारलं. त्या अदबीने तपासनिसाचे कान तापले.

त्याने तरीही दोन नंबरचा मागून बघितला. दोन वर्षांचा तक्ता असा वाऱ्यावर सोडवत नाही. पण डोळे उघडे ठेवून ऐकला तरी तो आता पोरकटच वाजत होता, आणि हे तो सगळ्यांसमोर बोलून बसला होता. काकांनी चार तारांचे पैसे घेतले. बायकोने घरी जाताना रस्त्यात एक अक्षरही काढलं नाही. ती बोलली असती तर त्याला भांडता आलं असतं.

रविवारी तो माळ्यावर जरा लवकरच पोचला. पहिल्या गाण्याच्या चौथ्या मात्रेला औषधवाल्याने मान वर केली. गाणं संपल्यावर काठ्या थांबल्या.

"काय घेतलंस? हा तर तोच दिसतोय."

"आतलं सगळं काम करून घेतलं," तपासनीस म्हणाला. हे खोटं नव्हतं, फक्त वाक्य जरा फुगलेलं होतं. "बाहेरून तसाच ठेवला. लाकूड मुरलेलं आहे ना."

"ऐकू येतोय आता. एकेक स्वर ऐकू येतोय," औषधवाला म्हणाला. "हॉटेलवाल्याला सांगतो, चौघे येतोय म्हणून."

तपासनीस बँडेजच्या खोक्याला टेकला. दोन वर्षांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं. हे बरं वाटणं दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यापर्यंत टिकलं.

त्या अंतऱ्यात गाणारा खाली उतरायचा आणि बेसने त्याच्या पायाखाली जमीन द्यायची असायची. तपासनिसाने दिली ती बेसच्या मानेवरची एक पट्टी अलीकडे. दोन मजल्यांच्या मध्येच लिफ्ट थांबावी, तसं गाणं लटकलं. गाणाऱ्याचा सूर हलला. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. औषधवाल्याने वाजवणं बंद केलं.

"काय वाजवलंस?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे?"

"म्हणजे जे वाजवतो ते."

"किती वर्षं?"

खोलीतल्या सगळ्यांचा हिशेब एकाच वेळी झाला. मेलेल्या तारांनी अकरा वर्षं त्याच्यावर पांघरूण घातलं होतं. कोणाला स्वरच कळत नव्हता, तर चुकीचा कसा कळणार? तारा जिवंत झाल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मालकाविरुद्ध साक्ष दिली.

"पुढचं गाणं घ्या," औषधवाला म्हणाला. पुढच्या गाण्यात दोन चुका निघाल्या. त्याच्या पुढच्यात तीन, पैकी एक मोठी.

"हॉटेलवाल्याला अजून फोन करत नाही," औषधवाला निघताना म्हणाला. रागावला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "हे आधी ऐकू येत नव्हतं तेच बरं होतं का रे?"

जिन्यात मास्तरांनी तपासनिसाला गाठलं. "सगळ्या गाण्यांचं बेसचं मी वाजवून मोबाइलवर पाठवतो. हळू वाजवतो. चुकायच्या मोजून सहा जागा आहेत."

"तुम्हीच का नाही वाजवत? डाव्या हाताने?"

"माझा खांदा धरतो," मास्तर म्हणाले. "आणि मला एका वेळी एकच काम जमतं. वर्गातही फळ्यावर लिहिताना मी बोलत नाही."

घरी येऊन तपासनीस सरावाला बसणार, तेवढ्यात त्याच्या मनात आलं की सराव करायचा तर बसायची उंची बरोबर हवी. बेसवाल्यांसाठी खास खुर्च्या मिळतात म्हणे. मोबाइलमध्ये त्याला सतरा खुर्च्या सापडल्या आणि त्याने नवा तक्ता उघडला. बायकोने स्वयंपाकघरातलं स्टूल आणून त्याच्यापुढे ठेवलं. ठेवलं म्हणजे आपटलं.

"बस."

तो बसला. रोज सकाळी कामावर जायच्या आधी अर्धा तास मास्तरांचं रेकॉर्डिंग लावायचं आणि त्याच्याबरोबर वाजवायचं. आवाज वाढवणारा अ‍ॅम्पसुद्धा लागत नव्हता. नव्या तारा नुसत्याही भिंतीपलीकडे जात होत्या. बायको आत डबे भरायची. चार दिवसांत तिला सहाही जागा पाठ झाल्या.

"चुकलं," आतून यायचं.

"कुठे?"

"तिथेच."

पुन्हा. "चुकलं." पुन्हा. एकदा तो चिडून म्हणाला, की संगीत म्हणजे काही रक्तातली साखर नाही. "नाही ना," आतून उत्तर आलं. "साखर कधीतरी आपोआप कमी होते."

दुसऱ्या आठवड्यात चुकायच्या जागा सहाच्या चारवर आल्या. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्याने सगळी गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली आणि आतून काहीच आलं नाही. ती घरात आहे की नाही, हे बघायला तो उठला. होती. ओट्याशी पाठमोरी उभी राहून पोळ्या गुंडाळत होती.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही."

"मग डबा घे आणि जा. उशीर होतोय."

त्या रविवारी माळ्यावर अंतरा आला आणि गेला. गाणाऱ्याच्या पायाखाली जमीन होती. त्याने ती गृहीत धरली, कोणीही धरतं. औषधवाला थांबला नाही. शेवटच्या गाण्यानंतर त्याने घाम पुसला, फोन काढला आणि हॉटेलवाल्याशी दोन मिनिटं बोलला. मग फोन हाताने झाकून तपासनिसाकडे वळला.

"त्यांना चौघांना सारखे शर्ट हवेत. तुझं माप काय?"

तपासनिसाने मोबाइल काढून नवा तक्ता उघडला.

"कापड कोणतं आहे, त्यावर आहे," तो म्हणाला.